अनुयाने दुरुस्त केलेले निरोप

तळा गावाहून दुपारची एसटी सुटली तेव्हा अनुयाला खिडकी मिळाली होती, पण खिडकीबाहेर बघायचं तिला भान नव्हतं. डब्यातली पोळीभाजी तशीच राहिली. उद्या नारळी पौर्णिमा. उद्या संध्याकाळी मुरुडजवळच्या तिच्या गावात, किनाऱ्यावर, नारळांची झुंज लागणार होती, आणि बायकांच्या डावात पंधरा वर्षांच्या अनुयाचं नाव पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं.

ज्यांनी ही झुंज पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर खेळ सोपा आहे. एकीने सोललेला नारळ मुठीत गच्च धरायचा, दुसरीने आपला नारळ त्याच्यावर हाणायचा. दोन्ही शाबूत राहिले तर पाळी बदलायची. ज्याचा नारळ फुटला तो बाद. एवढंच. कुणाला हा पोरखेळ वाटेल, तर वाटो बापडा. अनुयाच्या गावात या खेळावरून सख्खे शेजारी गणपतीपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत.

रोह्याला गाडी बदलताना तिची चप्पल पायरीत अडकली तरी ती हसत होती. तिच्या उत्साहाचं दुसरं कारण पहिल्याहून मोठं होतं. उद्या झुंज बघायला आई येणार होती. दोन वर्षं दोन महिन्यांनी पद्मा त्या गावात पाऊल टाकणार होती.

पद्मा तळ्याच्या एका शाळेत शिक्षिका. हरी, म्हणजे अनुयाचा बाप, गावात नारळ-सुपारीची वाडी करतो. दोघं वेगळी राहायला लागल्यापासून अनुया शाळेच्या दिवसांत आईकडे असते आणि एका आड एक शनिवारी वाडीत येते. दोघांचं काय बिनसलं हे तिला कुणी नीट सांगितलेलं नाही. ‘पटत नव्हतं’ एवढ्या दोन शब्दांत मोठ्यांनी तिची बोळवण केली. तिच्याकडे दोन टूथब्रश आहेत, दोन उशा आहेत, आणि खरं सांगायचं तर दोन स्वभावही आहेत. तळ्याला असताना वाडीचं कौतुक बेताने करायचं, आईचा चेहरा पडतो. वाडीत असताना तळ्याच्या मैत्रिणींबद्दल फार उत्साहाने बोलायचं नाही, बाबा गप्प होऊन पंप बघायला जातात. पंप चांगला चालू असतो. कुठे किती हसायचं याचा हिशेब ठेवून ती दमून जायची, आणि दमल्याची तिला लाजही वाटायची.

आणि वर निरोप. हरी आणि पद्मा एकमेकांशी बोलत नसत. फोन दोघांकडे होते, नंबर दोघांना पाठ होते, पण बोलणं सगळं पोरीमार्फत. ‘आईला म्हणावं’, ‘बाबांना सांग’. त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं असतं की तुमची पोरगी पोस्टमन नसून संपादक आहे, तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

तिचं संपादन असं चाले. हरी म्हणायचा, ‘तुझ्या आईला म्हणावं, तिचं शिवणाचं मशीन घेऊन जा, माझी जागा अडते.’ अनुया तळ्याला जाऊन सांगायची, ‘बाबांनी मशीन जपून ठेवलंय, तुला हवं तेव्हा ने म्हणाले.’ पद्मा पाटीवरचं पुसावं तसं म्हणायची, ‘राहू दे तिकडेच, मला कुठे वेळ आहे.’ ते वाडीत पोचताना व्हायचं, ‘आई म्हणाली, मशीन तिथेच असू दे, आपलंच घर आहे.’ शेवटचे तीन शब्द अनुयाचे स्वतःचे. ते बोलताना तिला इतकं बरं वाटायचं की खोटं बोलल्याची टोचणी पुढच्या एसटीपर्यंत जाणवत नसे.

हे ती का करायची, ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जूनमधली एक दुपार होती. आई स्वयंपाकघरात, बाबा पडवीत, मधे माजघर आणि माजघरात तेरा वर्षांची अनुया. तेव्हाही दोघं तिच्यामार्फतच बोलत होती. बाबा म्हणाले, ‘आईला सांग, जायचं तर जा म्हणावं.’ अनुयाने आत जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांचा आवाजसुद्धा काढून दाखवला, कारण तिला वाटलं आई हसेल. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आई गेली.

तेव्हापासून अनुयाच्या मनाने घेतलं होतं की तो एक निरोप आपण जरा गोड करून दिला असता तर आई गेली नसती. आपण घर मोडलं. मग मोडलेलं जोडायचं कामही आपलंच. त्यानंतर एकही निरोप तिने कच्चा पोचवला नाही.

झुंजीची गोष्ट निघाली तेव्हा हरी म्हणाला होता, ‘येऊ दे आली तर, मी काय किनारा विकत घेतलाय?’ त्याचं झालं, ‘बाबांनी अगदी आग्रहाने बोलावलंय.’ पद्मा वह्या तपासता तपासता म्हणाली, ‘तुझा खेळ बघायला येईन. सहाच्या गाडीने परत.’ त्याचं झालं, ‘आई येतेय. मशीनचं पण बघू म्हणाली.’ सहाची गाडी वाटेतच गळली.

संध्याकाळी अनुया वाडीच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत शिरली आणि तिथेच थबकली. स्वयंपाकघराला नवा रंग लागला होता. फिका पिवळा, आईला आवडतो तसा. शिवणाचं मशीन अडगळीतून निघून खिडकीपाशी आलं होतं, पुसून, तेल घालून. हरीने चाक फिरवून दाखवलं. ‘बघ, आवाज तरी येतो का. तिला प्रकाश लागतो ना शिवताना, म्हणून खिडकीत ठेवलं.’ तो पोरासारखा खूश होता. उद्या ती आली की राहीलच, सुट्टी आहे दोन दिवस, मग शाळेचं काय ते बघता येईल, मुरुडलाही शाळा आहेतच, असं तो एका दमात बोलून गेला. दोन वर्षांत अनुयाने त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

अनुयाला आईची सहाची गाडी आठवली. आत्ता सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हरी म्हणाला, ‘चल, उजेड आहे तोवर नारळ निवडू.’ मग तिने तोंड मिटलं. उद्या आई हा पिवळा रंग बघेल आणि कदाचित खरंच राहील, असंही तिला वाटून गेलं. आशा मोठी लबाड असते, ती पंधराव्या वर्षी तर फारच.

आणि नारळ निवडायला लागल्यावर ती सगळं विसरलीही. विहिरीजवळचा माड हा हरीचा जुना मानकरी. त्याचे नारळ लहान, पण कवटी अशी जाड की कोयत्याला घाम फुटावा. दोन महिने आधी उतरवून सावलीत ठेवलेले बारा नारळ हरीने तिच्यापुढे मांडले आणि स्वतः मागे हात बांधून उभा राहिला. निवड तिची. ती एकेक कानाशी धरून नखाने वाजवत गेली. जो बद्द वाजेल तो बाजूला. ज्याचा आवाज कोरडा, ठणठणीत, आणि टोक जरा निमुळतं, तो ठेवायचा. सातवा नारळ वाजवला आणि तिच्या अंगावर काटा आला. तिने तो बापाच्या कानाशी धरला. हरीने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला की हाच त्यानेही काल निवडून ठेवला होता, पण मुद्दाम सांगितलं नाही. त्या आनंदात तिने वाडीला एक फेरी पळत मारली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता किनारा फुलून गेला. होड्यांना पताका, सुरूच्या झाडांखाली भजीची गाडी, ताशाचा गजर. समुद्राला नारळ अर्पण झाला आणि लोक झुंजीच्या गोलाभोवती जमले. पद्मा साडेचारला आली. निळी साडी, खांद्याला छोटी पर्स. हरी गोलाच्या पलीकडे उभा होता. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या मागे बघितलं. कपड्यांची पिशवी कुठेच नव्हती. अनुयाने ते बघणं बघितलं आणि नारळ घट्ट धरला.

पंच होते रघूनाना, गावचे सुपारीचे व्यापारी, आवाजाने निम्मा गाव चालवणारे. त्यांनी नियम सांगितले. अंगठा नारळाच्या मधल्या रेघेपुढे न्यायचा नाही, हात मागे ओढायचा नाही, आणि शेवटचा नियम या गावाचा खास: जिंकणारीचा नारळ तिच्या घरच्या माणसाने सगळ्यांसमोर दगडावर फोडायचा. कारण काही वर्षांपूर्वी एका महाभागाने नारळाला बारीक भोक पाडून आत डिंक भरला होता आणि सात जणांना लोळवलं होतं. तेव्हापासून आत पाणी आणि खोबरं दिसल्याशिवाय कुणाला विजेता म्हणत नाहीत.

पहिली झुंज अनुयाने एका टोल्यात मारली. तिला वाटलं आपलाच फुटला, इतका मोठा आवाज झाला. दुसरीत तीन पाळ्या गेल्या. तिसरीत समोरच्या बाईने असा घाव घातला की अनुयाच्या मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या, पण नारळ शाबूत, आणि पुढच्याच पाळीत बाईंच्या नारळाचं पाणी बाईंच्या पदरावर. लोक आता तिचं नाव घेऊन ओरडायला लागले. तिने एकदा डावीकडे बघितलं, आई टाचा उंचावून उभी होती. एकदा उजवीकडे बघितलं, बाबा हवेत मूठ हाणत होते. दोघं एकाच क्षणी एकाच गोष्टीने खूश होती. असं शेवटचं कधी झालं होतं ते तिला आठवेना.

शेवटची झुंज नीराबाईशी. नीराबाई कोळीवाड्यातली, साठीची, सलग पाच वर्षांची मानकरी, आणि तिचा पंजा बघितला की नारळच घाबरून फुटत असेल. तिने पोरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पहिला टोला तिलाच दिला. अनुयाने हाणला. काही नाही. नीराबाईने हाणला. काही नाही. तीन पाळ्या, चार पाळ्या. ताशा थांबला होता. पाचव्या पाळीला अनुयाने डोळे मिटले, नारळाचं निमुळतं टोक खाली केलं आणि सगळा जीव हातात आणून हाणलं. कोरडा, बारीक, कट असा आवाज झाला. नीराबाईच्या बोटांमधून पाणी गळायला लागलं.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. तिला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तिचं हसू थांबत नव्हतं. रघूनानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, काळा दगड पुढे ओढला आणि म्हणाले, ‘या, घरचं कोण येतंय फोडायला?’

हरी आणि पद्मा दोघंही पुढे आली. आणि दोघंही थांबली. मधे अनुया, हातात नारळ. तिघांत मिळून चार फूट अंतर नसेल.

हरीने घसा साफ केला. पद्माकडे न बघता, पोरीकडे बघून तो म्हणाला, ‘आईला सांग, तिनेच फोडू दे. आता ती घरचीच आहे.’

पद्माचा चेहरा उतरला. तिनेही पोरीकडेच बघितलं. ‘काय बोलतायत हे? बाबांना सांग, मी फक्त तुझा खेळ बघायला आलेय. सहाच्या गाडीने जाणार.’

सगळा गाव अनुयाकडे बघत होता. तिच्या जिभेवर सवयीने गोड शब्द तयार झाले होते. आई म्हणते तुम्हीच फोडा, तुमचा मान आहे, असं काहीतरी. दोघांनाही चार फुटांवरून एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं आणि तरी दोघं तिने सांगायची वाट बघत होती. त्याचं तिला आधी नवल वाटलं, आणि मग राग आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या आईबापाचा खराखुरा राग आला.

‘मी नाही सांगणार,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दोघं इथेच उभे आहात. आणि आजवर मी सांगितलं ते सगळं मी बदलून सांगितलं. बाबांनी तुला बोलावलं नव्हतं, आई. बाबा, आई राहायला येते असं कधीच म्हणाली नव्हती.’

मग नीराबाई पुढे झाली. तिने पोरीच्या हातातून नारळ काढून घेतला आणि दगडावर एका फटक्यात त्याची दोन शकलं केली. पाणी वाळूवर सांडलं. आत बोटभर जाड, पांढरं खोबरं. तिने ते गोलभर फिरवून दाखवलं.

‘नारल खरा हाय,’ ती म्हणाली. ‘पोर जिंकली. आता वाजवा रं.’ आणि हरी-पद्माला हलक्या आवाजात, ‘तुमी दोघा तिकरं सुरूखाली जाऊन बोला. पोरीला मधी घेऊ नका.’

ताशा वाजायला लागला. पण सुरूखाली तिघंही गेली, कारण आईने अनुयाचा हात धरला होता आणि तो सोडायला आई तयार नव्हती. तिथे वाळूत बसल्यावर अनुयाला रडू कोसळलं. रडता रडताच तिने ती जूनची दुपार सांगितली. तो निरोप मी तसाच दिला, म्हणून तू गेलीस. गोड करून दिला असता तर राहिली असतीस.

पद्माने तिला जवळ ओढलं. या पोरीने दोन वर्षं हे एकटीने वाहिलं, तळ्याला आपल्या शेजारी झोपून वाहिलं, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

‘अगं, त्या दुपारी माझी बॅग भरलेली होती,’ ती म्हणाली. ‘आठ दिवस आधीपासून. कपाटाखाली ठेवली होती. तू काहीही सांगितलं असतंस तरी मी गेलेच असते.’

‘मला माहीत होतं,’ हरी म्हणाला. तो वाळूत बोटाने रेघा मारत होता. ‘मी बघितली होती ती बॅग. म्हणून तर म्हटलं, जायचं तर जा. आणि तेही मी तुझ्या तोंडून बोलायला लावलं. चूक माझी झाली, बाळा.’

अनुयाला एकदम उचकी लागली. कपाटाखालची एक बॅग. एवढी साधी गोष्ट दोघांना ठाऊक होती आणि तिला कुणी सांगितली नव्हती. तिला पुन्हा राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी इतकं हलकं वाटलं की ती रडत असतानाच हसायला लागली. दोघांना कळेना तिला झालंय तरी काय.

मग हरीने मान वर केली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ पद्माला विचारलं, ‘राहायचं नाहीच ना तुला?’

‘नाही,’ पद्मा म्हणाली. आवाज कडू नव्हता. ‘मशीन मात्र हवंय. तळ्याला.’

हरीने ते गिळलं. त्याला किती लागलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि अनुयाला ते बघवेना, पण तिने काही दुरुस्त केलं नाही. तो म्हणाला, ‘तेल घातलंय त्याला,’ आणि उठून पोरीसाठी भजी आणायला गेला. पद्मा सहाच्या गाडीने गेली. गाडीपर्यंत तिला पोचवायला हरी आणि अनुया दोघंही गेली, आणि वाटेत हरीने स्वयंपाकघराचा पिवळा रंग सांगितला आणि पद्माशी त्यावर दोन वाक्यं बोलून घेतली.

पुढच्या गुरुवारी तळ्याला, दिवेलागणीला, अनुया गणितं सोडवत बसली होती. शेजारी वाटीत त्या नारळाचं खोबरं, नीराबाईने शकलं तिच्या हवाली केली होती. आईचा फोन वाजला. पद्माने नाव बघितलं आणि फोन उचलला.

‘अहो,’ ती म्हणाली. दुसऱ्या कुठल्या नावाने तिने हरीला कधी हाकच मारली नव्हती. मग पाच मिनिटांत दोघांचं चांगलंच जुंपलं. मशीन एसटीत टाकतो म्हणे, कंडक्टर घेणार आहे का ते? मोडलं म्हणजे? रघूनानांचा टेम्पो रोह्याला येतो ना सुपारी घेऊन, त्यात द्या. पलीकडून हरीचा आवाजही चढलेला ऐकू येत होता. दोन वर्षं जे भांडण होऊ नये म्हणून अनुया जिवाचं रान करत होती, ते तिच्यादेखत, रोकडं, एक शब्द न बदलता चाललं होतं, आणि छप्पर काही कोसळलं नव्हतं. तिला उठून नाचावंसं वाटलं.

पद्माने वैतागून फोनवर हात ठेवला आणि सवयीने मान वळवली. ‘अनुया, तुझ्या बाबांना सांग जरा...’

‘फोन तुझ्याच हातात आहे, आई,’ अनुया म्हणाली, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून तिने पुढचं गणित सोडवायला घेतलं.